शाळेच्या गिटारीस नवा पिकअप कोणता घ्यावा?

होळीचे दिवस जवळ आले म्हणजे मोलगीच्या आसपासच्या पाड्यांवर ढोल बाहेर निघतात. त्या वेळीं एक गोष्ट सहज नजरेस पडते. ढोलाचा आवाज बसला असला तर वाजविणारा मनुष्य नवा ढोल आणावयास धांवत नाहीं. तो शेकोटीजवळ बसतो, चामडें शेकतो, टिचकी मारून ऐकतो व पुन्हां शेकतो. काठीच्या राजवाडी होळीस जो ढोल रात्रभर घुमतो आणि पहांटे होळी पेटते तोंपर्यंत ज्याचा दम सरत नाहीं, त्याच्यामागें हें ऐकण्याचें काम असतें. आपल्या मुलांच्या बापांना व आजांना हें ज्ञान आहे. शाळेच्या गिटारीचा प्रश्न निघाला तेव्हां मात्र आपण सर्वजण, आणि त्यांत मी पहिला, तें विसरलों, असें मला वाटतें.

प्रश्न असा आहे. गेल्या उन्हाळ्यांत आमचुराचा बाजार आटोपल्यावर पालकांनीं आपण होऊन वर्गणी काढली व ती संगीतमंडळासाठीं शाळेच्या स्वाधीन केली. रक्कम ८,४०० रुपये भरली. कैऱ्या सोलून, चिरून, सुकवून व डोंगरांतून डोक्यावर आणून मोलगीच्या बाजारांत विकल्यानंतर जे पैसे हातीं आले त्यांतील हा वांटा आहे. वरच्या वर्गांतील वादक विद्यार्थ्यांची इच्छा अशी कीं, या रकमेंतून विद्युत् गिटारीस दोन नवे हम्बकर पिकअप आणावेत, आणि तेहि बाजारांत मिळतील तितके जोरदार. कांहीं पालकांनाहि तें पटलें आहे. मुलें म्हणतात तें खरेंच असेल, असा त्यांचा भाव आहे. माझें मत निराळें आहे. तें वार्षिकांकांत उघड मांडण्याचें कारण इतकेंच कीं, जी चूक आतां होऊं घातली आहे ती मी पूर्वीं एकदां करून बसलों आहें.

तीन वर्षांपूर्वीं आमच्या गिटारींतून सतत गुणगुण ऐकूं येत असे. गाणें थांबलें कीं सभागृहांत भुंगा सोडल्यासारखा आवाज भरून राही. मीं त्याचें कारण शोधलें नाहीं. एका दुकानदारानें मला सांगितलें कीं, तुमचे पिकअप हलके आहेत. सिरॅमिक चुंबकाचा १६ किलोओहमचा हम्बकर बसवा, म्हणजे आवाज वाढेल आणि गुणगुणहि जाईल. मी पदार्थविज्ञान शिकवितों. तरीहि खोक्यावरील आंकडा पाहून भुललों व शाळेच्या पैशांतून तो पिकअप बसवून घेतला. आवाज खरोखरच वाढला. गुणगुण मात्र होती तशीच राहिली.

त्या वर्षींच्या स्नेहसंमेलनांत नववींतील एका मुलीनें गीत म्हटलें. तिचा आवाज बारीक, पण सुरेल होता. तिची आई गुजरातेंत ऊसतोडीस गेलेली. मुलीचें गाणें ऐकण्यासाठीं दोन दिवसांची मजुरी बुडवून ती आली होती व सभागृहाच्या मागें दाराजवळ उभी होती. आमचा वादक मुलगा कोठेंहि चुकला नाहीं, त्यानें ताल सोडला नाहीं. पण त्या गिटारीचा आवाज असा होता कीं, कमी केला तर घोंगडीखालून आल्यासारखा होई व वाढविला तर गाणारीस झांकून टाकी. कार्यक्रम संपल्यावर ती बाई माझ्याजवळ आली व म्हणाली, “गुरुजी, माझी पोरगी गाऊन झाली का? मला वाजवणंच ऐकू आलं.” तिनें हें तक्रार म्हणून विचारलें नव्हतें. मुलीचें गाणें अजून व्हावयाचें आहे, असेंच तिला वाटत होतें. मीं “झालें, बाई” एवढेंच म्हटलें. दुसऱ्या दिवशीं सकाळच्या गाडीनें ती परत ऊसतोडीवर गेली.

तेव्हांपासून या विषयाचा मीं जो थोडाबहुत अभ्यास केला तो आपल्यापुढें ठेवितों.

पिकअप म्हणजे काय, हें प्रथम पाहूं. साध्या गिटारीस लांकडाची पोकळ पेटी असते. ती तारांचा आवाज मोठा करिते. विद्युत् गिटारीचें अंग बहुधा भरींव लांकडाचें असतें. तिच्या तारांखालीं चुंबक बसविलेले असतात व त्यांच्याभोंवतीं केंसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारों वेढे असतात. या वेढ्यांच्या वेटोळ्यास कारागीर कॉइल म्हणतात. पोलादी तार छेडली कीं चुंबकाचें क्षेत्र थरथरतें व वेटोळ्यांत सूक्ष्म विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. मायकेल फॅरडे यांनीं १८३१ सालीं जो नियम प्रयोगानें सिद्ध केला तोच हा. त्या प्रवाहास ॲम्प्लिफायर मोठा करितो आणि स्पीकर त्याचा पुन्हां आवाज बनवितो. अमेरिकेंत जॉर्ज बोशां यांनीं १९३१ च्या सुमारास या तत्त्वावर चालणारी, मांडीवर आडवी ठेवून हवाई बेटांच्या पद्धतीनें वाजविण्याची गिटार तयार केली. आपल्या देशांतहि ही विद्या लवकरच आली. लखनौहून मुंबईस आलेले व्हॅन शिपले यांनीं विद्युत् गिटारीवर चित्रपटगीतें वाजविलीं व त्यांच्या ध्वनिमुद्रिका घरोघर गेल्या. पुढें मुंबईच्या चित्रपटसंगीतांत हें वाद्य इतकें रुळलें कीं, १९७१ सालच्या ‘हरे रामा हरे कृष्णा’ चित्रपटांतील भूपिंदर सिंग यांची गिटार ज्यांस गायकाएवढीच आठवते असे श्रोते पुष्कळ आहेत.

परंतु वेटोळें फक्त तारेचेंच ऐकतें, असें नाहीं. आपल्याकडील विजेचा प्रवाह सेकंदास ५० आवर्तनें करितो. पंख्याचें यंत्र, जुन्या नळीदिव्याचा चोक, ट्रान्सफॉर्मर यांच्याभोंवतीं त्याच गतीनें बदलणारें चुंबकक्षेत्र असतें. तें वेटोळ्यांतून जातें तेव्हां त्यांतहि प्रवाह उत्पन्न होतो. वेटोळ्यास तारेची थरथर कोणती व विजेची थरथर कोणती, हा विवेक नसतो. म्हणून एका वेटोळ्याच्या पिकअपांतून स्वराबरोबर गुणगुणहि बाहेर पडते.

यावर उपाय गिब्सन कंपनींतील सेथ लव्हर या अभियंत्यानें काढला. त्यानें २२ जून १९५५ रोजीं पेटंटासाठीं अर्ज केला. १९५७ सालीं असे पिकअप असलेल्या गिटारी बाजारांत आल्या आणि पेटंट २८ जुलै १९५९ रोजीं मिळालें. त्यानें एकाऐवजीं दोन वेटोळीं शेजारीं शेजारीं ठेविलीं. दोहोंचे वेढे परस्परांविरुद्ध दिशेनें जोडले व चुंबकांचीं टोंकेंहि उलटीं केलीं. बाहेरची गुणगुण दोन्ही वेटोळ्यांत सारखीच शिरते, पण वेढे उलट असल्यामुळें एकीची दुसरीशीं वजाबाकी होते. तारेच्या स्वराच्या बाबतींत वेढेहि उलट व चुंबकहि उलट. दोनदां उलटें केलेलें सुलटें होतें, म्हणून दोन्ही वेटोळ्यांतील स्वरांची बेरीज होते. हम म्हणजे गुणगुण व बक म्हणजे विरोध करणें. यावरूनच हम्बकर हें नांव पडलें.

आमच्या दहावीच्या विद्यार्थ्यांनीं गेल्या वर्षीं हा प्रयोग स्वतः करून पाहिला. शिवणाच्या दोऱ्याचीं दोन रिकामीं रिळें घेऊन प्रत्येकावर ४०० वेढे दिले, दोन्हींच्या तारा एकमेकींस जोडून ॲम्प्लिफायरला लाविल्या आणि जवळ प्रयोगशाळेंतला बॅटरी एलिमिनेटर चालूं करून ठेविला. एका जोडणीनें स्पीकर घोंघावूं लागला. एकाच वेटोळ्याचीं दोन टोंकें अदलाबदल केलीं, तेव्हां घोंघाट एकदम खालीं आला. पुस्तकांतील चिन्हांची वजाबाकी कानांनीं ऐकूं आली म्हणून मुलांनीं टाळ्या वाजविल्या. गणितांत उणे चिन्हानें रडकुंडीस येणारा एक मुलगा त्यांत पुढें होता, हें मला विशेष वाटलें.

आतां मुख्य मुद्दा. हम्बकर गुणगुण घालवितो हें खरें. पण सर्व गुणगुण पिकअपांतूनच येते, हें खरें नाहीं. याची परीक्षा कोणासहि करितां येईल. गिटारीवरील आवाजाची कळ पूर्ण बंद करावी. तेवढ्यानें गुणगुण थांबली तर दोष गिटारीच्या बाजूस शोधावा. कळ बंद असूनहि ती चालूंच राहिली तर पिकअप निर्दोष आहे. दोष वायरींत, ॲम्प्लिफायरमध्यें किंवा भिंतींतील विजेच्या जोडणींत आहे. हातानें तारांस स्पर्श केल्यावर गुणगुण कमी होत असेल, तर गिटारीच्या आंतील आवरणाकडे व अर्थिंगच्या जोडणीकडे पाहावें. मीं ही दोन मिनिटांची परीक्षा त्या पिकअपावर पैसे खर्च करण्यापूर्वीं केली नाहीं, स्नेहसंमेलनानंतर केली. कळ बंद केली, गुणगुण चालूंच! एका पालकांनीं, जे वायरमनचें काम करितात, सभागृहांतील बोर्ड उघडला तेव्हां दिसलें कीं, तिसऱ्या भोंकास अर्थिंगची तार जोडलेलीच नव्हती. ती त्यांनीं जोडली, ॲम्प्लिफायरच्या वायरीचा सैल झालेला टांका पक्का केला, आणि भुंगा उडून गेला.

येथें पालकांस एक सूचना केल्यावांचून राहवत नाहीं. अर्थिंगचा प्रश्न केवळ गुणगुणीचा नाहीं. गिटारीच्या तारा ॲम्प्लिफायरच्या धातूच्या सांगाड्यास जोडलेल्या असतात व वादकाचे हात सदैव तारांवर असतात. सांगाड्यांत २३० व्होल्टांचा प्रवाह उतरला आणि अर्थिंग नसली, तर तो प्रवाह मुलाच्या अंगांतून जमिनींत जाईल. कांहीं लोक गुणगुण घालविण्यासाठीं प्लगची तिसरी पिनच काढून टाकितात. असें कोणींहि करूं नये. ज्या घरीं मूल विजेचें वाद्य वाजवितें त्या घरीं प्रथम अर्थिंग तपासून घ्यावी आणि मग संगीताची चर्चा करावी.

गुणगुण गेली, पण त्या जोरदार पिकअपाचा दोष उरलाच. तेव्हां खोक्यावरील आंकड्याचा अर्थ काय, हें पाहणें प्राप्त झालें. किलोओहमचा आंकडा हा वेटोळ्याच्या तारेचा विद्युत्-रोध आहे. तो गोडीचें माप नाहीं, इतकेंच काय, आवाजाचेंहि सरळ माप नाहीं. तार अधिक बारीक घेतली तर वेढे तितकेच राहूनहि आंकडा चढतो. सेथ लव्हरच्या पहिल्या हम्बकरांत प्रत्येक वेटोळ्यास सुमारें ५००० वेढे असत आणि दोहोंचा मिळून आंकडा साधारण ७ ते ९ किलोओहमच्या दरम्यान येई. पुढें १९७२ सालीं लॅरी डिमार्झिओ यांनीं ‘सुपर डिस्टॉर्शन’ नांवाचा अधिक वेढ्यांचा व सिरॅमिक चुंबकाचा पिकअप काढला. गिटारींतील मूळचा पिकअप काढून दुसरा बसविण्याची चाल त्या सुमारास पडली, आणि ‘अधिक जोर’ हें तेव्हांपासून जाहिरातीचें मोठें आकर्षण होऊन बसलें.

वेढे वाढविल्यानें जोर वाढतो, पण त्याची किंमत द्यावी लागते. वेढे जितके अधिक तितकी वरची तेजी, म्हणजे स्वराची धार, कमी होत जाते व मधला जाड भाग पुढें येतो. ॲम्प्लिफायर मुद्दाम फाटल्या आवाजावर चालवावयाचा असला तर हें फार उपयोगी पडतें. मुंबईंत १९८६ सालीं ‘इंडिपेंडन्स रॉक’ महोत्सव सुरू झाला. अशा महोत्सवांतून वाजविणाऱ्या मंडळींचें संगीत त्या जोरावरच उभें असतें, आणि तें कमी प्रतीचें आहे असें मी मुळींच म्हणत नाहीं. आमच्या मुलांना तें आवडतें यांतहि वावगें कांहीं नाहीं. मीं स्वतः तें त्यांच्याबरोबर बसून ऐकलें आहे व त्यांतील मेहनत मला दिसली आहे. पण आपल्या शाळेंत गिटार कोठें वाजते? सकाळच्या प्रार्थनेंत, समूहगीतांत, स्नेहसंमेलनांत एकट्यादुकट्या गाणाऱ्या मुलाच्या साथीस. तेथें मधला जाड भाग पुढें आला म्हणजे तो नेमका मनुष्याच्या आवाजाच्या जागेवर येऊन बसतो. कीर्तनांत टाळकऱ्यानें बुवांचे शब्द झांकून टाकले तर आपण त्यास चांगला टाळकरी म्हणत नाहीं.

या बाबतींत आपल्या महाराष्ट्रांतच एक मोठी शाळा आहे, आणि ती मिरजेची. मिरजेच्या सतारी व तंबोरे प्रसिद्ध आहेत. २०२४ सालीं त्यांस भौगोलिक मानांकनहि मिळालें. सतारीच्या घोडीचा पृष्ठभाग कानशीनें अगदीं किंचित् उतरता घासून तारेचा झणत्कार साधतात. यास जवारी काढणें म्हणतात. जवारी खुली ठेवावी कीं बंद, हें कारागीर आपल्या मनानें ठरवीत नाहीं. वाजविणारा कोण व त्याची बाज कोणती हें तो पाहतो. पंडित रविशंकर यांच्या पद्धतीची सतार खुल्या जवारीची, तर उस्ताद विलायत खां यांच्या पद्धतीची बंद व गोल जवारीची. तंबोऱ्याचेंहि तसेंच. पुरुषाच्या खालच्या पट्टीस मोठ्या भोपळ्याचा तंबोरा, स्त्रियांच्या वरच्या पट्टीस लहान. भोपळा मोठा तितका तंबोरा चांगला, असें मिरजेंत कोणी म्हणणार नाहीं. गाणाऱ्याचा गळा आधीं व वाद्याचें माप नंतर, असा तेथील क्रम आहे. पिकअप निवडतांना आपण तोच क्रम ठेवावा, हें माझें म्हणणें.

आतां चुंबकाविषयीं थोडें. जुन्या पद्धतीच्या पिकअपांत ॲल्निको नांवाचा मिश्रधातू वापरतात. ॲल्युमिनियम, निकेल व कोबाल्ट यांच्या नांवांचीं आद्याक्षरें जोडून हा शब्द झाला आहे, आणि त्यांत लोखंडहि असतें. त्यांतील दुसऱ्या प्रतीचें चुंबक सौम्य व किंचित् गोल आवाज देतें. पांचव्या प्रतीचें अधिक बलवान् व ठसठशीत. सिरॅमिक चुंबक बलवान् असून स्वस्तहि असतें व बहुधा घट्ट, टोंकदार आवाजासाठीं वापरतात. चुंबकाच्या नांवावरूनच बरेंवाईट ठरवूं नये, कारण वेढे व चुंबक यांचा मेळ महत्त्वाचा आहे. तथापि साथीच्या कामासाठीं मध्यम वेढ्यांचा ॲल्निको पिकअप हा विश्वासाचा मार्ग होय.

विकत घेण्यापूर्वीं आणखी चार गोष्टी मोजून पाहाव्या लागतात, आणि त्या विद्यार्थ्यांनींच मोजाव्यात. पहिली, तारांमधील अंतर. कांहीं हम्बकरांत पहिल्या व सहाव्या तारेखालील खिळ्यांचें अंतर सुमारें ४९ मिलिमीटर असतें, कांहींत सुमारें ५२. आपल्या घोडीवर तें किती आहे हें पट्टीनें पाहावें. दुसरी, जागा. घोडीजवळ तार थोडी हलते व मानेकडे अधिक. म्हणून जोडींत घोडीजवळचा पिकअप किंचित् अधिक जोराचा करितात. दोन्ही जागीं सारखेच जोरदार बसविले तर मानेजवळचा दुसऱ्यास दाबून टाकितो. तिसरी, जोडणी. चार तारांचा पिकअप घेतल्यास पुढें हवें तेव्हां एकच वेटोळें चालविण्याची सोय करितां येते. पण तारांच्या रंगांचे संकेत प्रत्येक कंपनीचे निराळे असतात. आधींचा नकाशा न पाहतां जोडलें, तर दोन पिकअप एकमेकांविरुद्ध जाऊन नाकांतून बोलल्यासारखा पोकळ स्वर येतो. चौथी, मेण. वेटोळें मेणांत बुडवून काढलेलें असावें. वेढे सैल राहिले तर मोठ्या आवाजांत पिकअप स्वतःच शिट्टी घालूं लागतो. हम्बकराच्या जोडीस आवाजाची कळ साधारणपणें ५०० किलोओहमची वापरतात. गिटारींत २५० ची असली तर तेजी कमी होते, आणि दोष विनाकारण पिकअपाच्या माथीं येतो.

याहूनहि स्वस्त एक उपाय आहे, आणि तो बहुतेक जण विसरतात. पिकअपाच्या दोन्ही बाजूंस दोन स्क्रू असतात. त्यांनीं तो खालींवर करितां येतो. शेवटच्या पडद्यावर तार दाबून धरिली असतां तार व पिकअप यांमध्यें साधारण दीड ते अडीच मिलिमीटर अंतर राहावें. पिकअप फार वर आला तर आवाज दडपून येतो, शिवाय चुंबकाच्या ओढीनें तारेचें आंदोलन बिघडतें. या दिवाळीनंतर आम्हीं नव्या तारा चढविल्या, वायर लावण्याचें भोंक साफ केलें व मानेजवळच्या मूळच्या पिकअपास अर्धा अर्धा मिलिमीटर खालीं घेत ऐकत गेलों. एक मुलगा वाजवी, एक मुलगी गाई, आणि बाकीचीं मुलें सभागृहाच्या मागच्या दाराशीं उभीं राहून शब्द ऐकूं येतात कीं नाहीं तें कागदावर लिहीत. मागच्या दाराशींच उभें राहावें, असा माझा हट्ट होता. त्याचें कारण वर येऊन गेलें आहे. चौथ्या खेपेस सर्वांच्या कागदांवर पूर्ण ओळ उतरली. ज्या पिकअपास दुकानदारानें हलका म्हटलें होतें त्याच पिकअपाची ही गोष्ट आहे.

घोडीजवळचा, म्हणजे मीं आणलेला पिकअप मात्र खालीं घेऊनहि सुधारला नाहीं. दूर नेला कीं त्याचा जोर कमी होतो, पण तेजी परत येत नाहीं. तेव्हां नवा पिकअप घ्यावयाचाच असेल तर तो एकच घ्यावा, घोडीजवळचा घ्यावा, ॲल्निको चुंबकाचा, ८ किलोओहमच्या आसपासचा, चार तारांचा व मेणांत बुडविलेला घ्यावा. तो प्रसिद्ध परदेशी कंपनीचाच असला पाहिजे असें नाहीं. बरोबर मापाचा व खात्रीचा असावा. शक्य असल्यास ज्या वादकाकडे तसा पिकअप आहे त्याच्याकडे जाऊन गाण्याच्या साथींत तो ऐकावा. दुकानांत एकटाच ऐकलेला पिकअप नेहमींच मोठा वाटतो व म्हणून बरा वाटतो. गळ्याबरोबर ऐकला म्हणजे त्याचा स्वभाव कळतो. उरलेल्या पैशांतून गाणाऱ्या मुलांसाठीं एक चांगला मायक्रोफोन घ्यावा. आमच्या मंडळींत वादक दोन आहेत आणि गाणारीं मुलें तीस. वर्गणी तर सर्वांच्याच घरून आली आहे.

वादक विद्यार्थ्यांचें एक म्हणणें मला ऐकावें लागतें, व तें न्याय्य आहे. ते म्हणतात, “सर, आम्ही नेहमीं साथच करावयाची काय? आमचा आवाज कोणीं कधीं ऐकावयाचा?” मुलांनो, तुमचाहि आवाज ऐकला पाहिजे, यांत शंका नाहीं. मध्यम पिकअपानें तुमचें वाजविणें कमी होत नाहीं. ॲम्प्लिफायरची कळ वाढविली कीं तोहि गर्जतो, आणि फाटलेला आवाज हवा असल्यास पायाखालील लहान पेटीनें तोहि मिळतो. सौम्य पिकअपास मोठें करितां येतें. बोथट झालेल्या पिकअपास मात्र तेज देतां येत नाहीं. स्नेहसंमेलनांत तुमच्या एकट्याच्या वादनास दहा मिनिटें राखून ठेवावींत अशी विनंती मीं मुख्याध्यापकांस केली आहे व त्यांनीं ती मान्य केली आहे.

कांहीं पालक विचारतात कीं, ढोल व बासरी घरीं असतांना शाळेंत गिटार कशाला? ढोल व बासरी शाळेंत आहेतच व राहतील. त्यांस गिटारीनें बाजूस सारूं नये, म्हणून तर तिच्या जोराचा एवढा विचार करावयाचा. आणि या एका वाद्याच्या निमित्तानें मुलांनीं वेटोळीं गुंडाळलीं, मिलिमीटर मोजले, अर्थिंग पाहिली व मागच्या दाराशीं उभें राहून दुसऱ्याचें गाणें लक्ष देऊन ऐकलें. एवढें शिकविणारें वाद्य शाळेंत असावें, असें मला वाटतें.

ती मुलगी आतां बारावींत आहे व या वर्षीं पुन्हां गाणार आहे. स्नेहसंमेलनाची तारीख तिच्या आईस एक महिना आधीं कळवावी असें आम्हीं ठरविलें आहे, म्हणजे मुकादमाकडे सुट्टी मागण्यास तिला वेळ मिळेल. पिकअप कोणता घ्यावयाचा तें पालकसभेंत ठरेल. त्या सभेस पालकांनीं अवश्य यावें, दोन्ही पिकअप मुलांच्या गाण्याबरोबर वाजवून दाखविले जातील ते मागच्या दाराजवळ उभें राहून ऐकावेत, आणि मग आपलें मत द्यावें. माझें मत चुकीचें ठरल्यास तें मी आनंदानें मागें घेईन.